सामाईकातलं कार्ड

माळेगाव बुद्रुकच्या दत्तोबांनी दोन मुलांच्या वाटण्या केल्या त्या अशा, की कुणाला नाव ठेवायला जागा उरली नाही. जमिनीचे दोन सारखे भाग पडले. गुरं वाटली, भांडीकुंडी वाटली, गोठ्यावरचे पत्रेसुद्धा वाटले. ट्रॅक्टर थोरल्या रविराजला गेला, कारण शेती तोच बघणार होता. धाकटा ऋषिराज इंदापूरला पशुखाद्याच्या कंपनीत नोकरी करायचा, दिवसभर मोटरसायकलवर गोठे पालथे घालायचा. तो ट्रॅक्टर घेऊन काय त्याची पूजा करणार? त्याबदली त्याला इंदापुरात घर बांधायला मदत मिळाली आणि त्याच्या वाट्याचं रान वाटेकऱ्याकडं दिलं. विहीर तेवढी सामाईक ठेवली, कारण विहिरीचे दोन तुकडे करणं अजून कुणाला जमलेलं नाही. तिला आठवड्याची पाळी लावली. एक आठवडा थोरल्याच्या रानाला पाणी, पुढचा आठवडा धाकट्याच्या.

चहा पिऊन मंडळी उठायच्या बेतात होती. तेवढ्यात दगडाबाईंनी, म्हणजे या दोघांच्या आईनं, टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्याकडं हात केला आणि विचारलं, "आन् ह्या गेमचं काय?"

झाली का पंचाईत! तो डबा दोघा भावांनी उसाच्या एका बिलातून निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला होता. दोघं तिशी ओलांडलेले, बायकापोरांचे धनी, आणि संध्याकाळी दोघं मांडीला मांडी लावून हातात रिमोट धरून टीव्हीवर क्रिकेट खेळायचे. गाव हसायचं. हसेना का, कुणाच्या बापाचं काय जातंय! लहानपणी एकाच सायकलवर डबलसीट शाळेत गेलेले भाऊ होते ते. त्यांना शेजारी शेजारी बसायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं आणि ते या डब्यानं दिलं होतं.

दत्तोबांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. "विहिरीला लावली तीच पाळी ह्याला बी लावा. सामाईक म्हंजे सामाईक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता खरं म्हणजे त्याच वेळी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, की अहो आबा, विहिरीत दोघांचं पाणी एकच असतं, या डब्यात प्रत्येकाचं वेगळं लागतं. पण गावात वाटणीला बसलेली माणसं बांध, झाडं आणि पाणी यात मुरलेली. डब्याच्या पोटात जागा किती आणि कुणाचं काय किती जागा खातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जे सगळीकडं चालत आलं तेच इथंही चालेल, असं धरून मंडळी आपापल्या घरी गेली.

वाटण्या भांडणाशिवाय झाल्या. भांडण नंतर झालं, आणि तेही भलत्याच गोष्टीवरून. ऋषिराजचं इंदापूरचं घर बांधून झालं. वास्तुशांतीचं आमंत्रण त्यानं सगळ्यांना मोबाईलवर पाठवलं, त्यात थोरल्या भावालाही पाठवलं. बांधकामापायी तो इंदापूरलाच मुक्कामाला होता, कामाच्या धांदलीत माळेगावला जायचं राहून गेलं. आता हे काय आमंत्रण झालं? सख्ख्या थोरल्या भावाच्या घरी जायचं, त्याच्या हातात अक्षता द्यायच्या, वहिनीला आग्रह करायचा, ही रीत. रविराज वास्तुशांतीला आला नाही. आई-आबांना त्यानं पाठवलं आणि त्यांच्याबरोबर निरोप दिला की मोबाईलवर बोलावलंय तर मोबाईलवरच जेवतो. ऋषिराजला आपली चूक कळली होती. पण एवढ्याशा गोष्टीसाठी सख्खा भाऊ घरभरणीला येत नाही म्हणजे काय, म्हणून तोही फुगून बसला. तेव्हापासून रविराजनं इंदापूरच्या घराचा उंबरा बघितला नव्हता आणि ऋषिराज माळेगावला गेला तरी आई-आबांच्या खोलीतून परस्पर माघारी यायचा.

राहिला तो डबा. डब्याची पाळी मात्र दोघांनीही मोडली नाही. आबांचा शब्द होता म्हणा, किंवा मोडायचं मनात नव्हतं म्हणा. दर रविवारी सकाळी एक भाऊ माळेगावहून बारामतीमार्गे निघायचा, दुसरा इंदापूरहून, आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या जंक्शन नावाच्या गावात, चौकातल्या हॉटेलात दोघं भेटायचे. खताच्या पिशवीत टॉवेल गुंडाळून डबा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा. नुसता डबा देऊन तोंड फिरवणं बरं दिसत नाही, म्हणून चहा व्हायचा. चहा म्हटल्यावर काहीतरी बोलावं लागायचं. आबांचा गुडघा, वाटेकऱ्यानं खत टाकलं का, पोरांच्या परीक्षा. पिशवीतून कधी आईनं दिलेल्या शेंगा यायच्या, कधी इंदापूरचे पेरू परत जायचे. ऋषिराज बायकोला, उत्कर्षाला, हे कधी बोलला नाही. पण आठवड्यातला तो एक चहा त्याला जीव की प्राण झाला होता. रविवार जवळ आला की त्याला आपोआप बरं वाटायला लागायचं.

आता त्या डब्याच्या पोटाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं.

डबा स्वस्तातला होता आणि स्वस्तातल्या वस्तूत कंपनी कुठंतरी हात आखडता घेतेच. याच्यात जागा कमी होती. हल्लीचा एकेक गेम म्हणजे धान्याचं पोतं. तीन-चार पोती टाकली की कोठार भरलं. रविराजचं एक क्रिकेट आणि एक ट्रॅक्टरचा गेम. दिवसभर खरा ट्रॅक्टर चालवून हा गडी घरी येऊन पडद्यावर पुन्हा नांगरट करायचा. तिथं म्हणे डिझेलचे पैसे लागत नाहीत. ऋषिराजचा फुटबॉलचा एक आणि लढाईचा एक. त्या लढाईच्या गेमनं तर निम्मं घर अडवलेलं. चारी गेम एकत्र मावायचे नाहीत. म्हणून ज्याची पाळी तो दुसऱ्याचा गेम काढायचा आणि आपला घालायचा.

सुरुवात कुणी केली म्हणाल, तर ऋषिराजनंच. ट्रॅक्टरचा गेम काय, लहान पोरांचा खेळ, काढला तर काय बिघडतंय, असं म्हणून त्यानं पहिल्यांदा तो काढला. रविराजनं पुढच्या पाळीला लढाईचा काढला. त्याच्या डोक्यात साधा हिशोब होता: पाण्याची पाळी बदलली की आधी दुसऱ्याच्या रानातलं पाटाचं दारं मोडायचं आणि पाणी आपल्याकडं वळवायचं. त्यात राग कसला? तो रिवाजच आहे. पण पाणी वळवायला एक फावडं पुरतं, गेम परत आणायला इंटरनेट लागतं. इंदापुरात ऋषिराजच्या घरी केबलचं नेट होतं, तरी एवढा मोठा गेम उतरायला दिवस जायचा. रविराजची वस्ती उसाच्या मधोमध. तिथं फोनला रेंज आली तरी लोक देवाला हात जोडतात. तो बिचारा डबा बारामतीला मित्राच्या दुकानात ठेवून यायचा आणि गेम उतरला की दोन दिवसांनी परत आणायचा. आठवड्याच्या पाळीतले दिवस असे वाटेतच जायचे.

एकदा काय झालं, ऋषिराजचा फुटबॉलचा संघ कधी नव्हे तो शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. महिनोन्महिने खेळून त्यानं तो संघ उभा केला होता. पाळी आली, डबा घरी आणला, लावला, तर फुटबॉलच गायब. खेळ जिथंपर्यंत आला ते कंपनीकडं जपून असतं, ते जात नाही; पण गेम परत उतरवावा लागतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात रस्त्याच्या कामात केबल तुटली. दुरुस्त होईपर्यंत पाळी संपली. ऋषिराज एक सामनासुद्धा न खेळता रविवारी जंक्शनला गेला. डोकं आधीच तापलेलं. रविराज चहाचा कप तोंडाला लावतोय तेवढ्यात हा म्हणाला, "दादा, बांध कोरायची सवय हितं बी आणलीस व्हय?"

बोलू नये ते बोलला. शेजाऱ्याचा बांध रोज बोटभर कोरून आपलं रान वाढवणारा माणूस म्हणजे आपल्याकडं चोरापेक्षा वाईट. चोर एकदा नेतो, हा रोज नेतो. वाटण्यांच्या वेळी ज्यानं स्वतः दोरी धरून बांध धाकट्याच्या बाजूनं सोडून आखला होता, त्या थोरल्या भावाला त्याच्या तोंडावर ही शिवी दिली. रविराजनं कप खाली ठेवला. पिशवी उचलली, गाडीला अडकवली आणि बारामतीच्या दिशेनं निघून गेला. अर्धा चहा तसाच राहिला. दोन्ही चहाचे पैसे ऋषिराजनं दिले. जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटत होतं.

पुढच्या रविवारी ऋषिराज वेळेआधी जंक्शनला जाऊन बसला. आज माफी मागायची असं ठरवून आला होता. रविराज आला नाही. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर आला, त्यानं चौकात गाडी उभी करून ऋषिराजच्या हातात पिशवी दिली. रविराजभाऊंनी दिलीय म्हणाला आणि टँकर घेऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

घरी येऊन ऋषिराजनं डबा लावला. फुटबॉल होतं. लढाईचा गेमही होता. दोन्ही आणून ठेवलेले, चालू केले की खेळायला तयार. क्रिकेट नव्हतं आणि ट्रॅक्टर नव्हता. रविराजनं आपलं सगळं काढून घेतलं होतं. भाड्याची खोली सोडताना माणूस झाडून पुसून किल्ली देतो, तसा तो डबा आला होता. ऋषिराजनं भावाला फोन लावला, तो उचलला गेला नाही. आईला लावला. आई म्हणाली, काय झालंय तुमच्यात, रविराज धड जेवत नाही आणि विचारलं तर काही सांगत नाही.

उत्कर्षानं हे सगळं बघितलं आणि संध्याकाळी चहा करता करता सरळ विषयाला हात घातला. ती बारामतीची, घरात नोकरदार माणसं, तिला हे पाळीचं प्रकरण पहिल्यापासून पटलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. हा डबा दादांना कायमचा देऊन टाका आणि आपण बारामतीतून जुना एखादा घेऊन या. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. ना जागेची कटकट, ना दर रविवारचं पेट्रोल. "अहो, विहीर वाटता येत नाही हे समजू शकते मी," ती म्हणाली, "पण दुकानात मिळणारी वस्तू कशाला सामाईक ठेवायची?"

बोलणं लाखातलं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डेपोत काम होतंच, म्हणून ऋषिराज बारामतीला गेला आणि काम उरकून आनंद नावाच्या दुकानदाराकडं शिरला. या आनंदनंच मूळचा डबा त्यांना विकला होता.

आनंदनं शोकेसमधून जुना डबा काढून दाखवला. याच कंपनीचा, हेच मॉडेल, चांगल्या घरातून आलेला, अठरा हजार. ऋषिराजनं तो फिरवून फिरवून बघितला. मग सहज विचारावं तसं विचारलं, की आहे त्याच डब्याची जागा वाढवायची झाली तर?

आनंद हसला. हा प्रश्न त्याला रोज चार गिऱ्हाइकं विचारायची. त्यानं सांगितलं, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क. स्वस्त असते, पण नवे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, चालवता येत नाहीत. चालवायचे तर दर वेळी आतल्या जागेत आणायचे. म्हणजे माल गोदामात आणि दुकान रिकामं. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीचं कार्ड. त्यानं काउंटरखालून एक एवढीशी पाकिटातली वस्तू काढून ठेवली, काडेपेटीपेक्षा लहान. डब्याच्या पाठीमागं खाच असते, तिथं खोचलं की झालं. आतल्या जागेइतकंच जोरात चालतं, आणि जागा तिप्पट होते. किंमत सोळा हजार.

"सोळा?" ऋषिराजनं पुन्हा विचारलं.

"सोळा," आनंद म्हणाला. "मी विकतो, तरी सांगतो ऋषीभाऊ, घेऊ नका. एवढीच जागा कॉम्प्युटरसाठी घेतली तर निम्म्याहून कमी पैशात मिळते. पण यांनी खाचच अशी ठेवलीय की यांच्याशिवाय कुणाचं बसत नाही. आणि हे कार्ड दुसऱ्या कशात चालत नाही. कॉम्प्युटरला नाही, दुसऱ्या कंपनीच्या डब्याला तर नाहीच. उद्या तुमचा डबा गेला की हे कार्ड म्हणजे पेपरवेट. वर दोन हजार घाला आणि अख्खा दुसरा सेट घरी न्या. डोकं ठिकाणावर असलेला माणूस हेच करेल."

बरोबर होतं. ऋषिराज स्वतः विक्रीतला माणूस, दराचं गणित त्याला शिकवायला नको होतं. कंपनीचा एवढासा फिल्टर घ्यायला लावून शेतकऱ्याला कसं धुतात ते त्यानं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानं जुन्या डब्याचे पैसे द्यायला खिशातून मोबाईल काढला.

आणि तिथंच त्याचा हात थांबला. हा डबा घरी नेला, की रविवारी जंक्शनला जायचं कारण संपलं. मग दादा भेटणार कुठं? दिवाळीला आई-आबांच्या खोलीत, चार माणसांत, एकमेकांकडं न बघता. मग पोरांच्या लग्नात. मग कुणाच्या तरी दहाव्याला. गावात अशा भावांच्या जोड्या त्यानं पोत्यानं बघितल्या होत्या; शेजारी शेजारी रानं, आणि वर्षानुवर्षं बोलणं नाही. त्यातल्या कुणीही एका दिवसात भाऊ तोडला नव्हता. एकेक सामाईक गोष्ट मिटवत गेले, शेवटी मिटवायला काही उरलंच नाही.

मग ऋषिराजनं उलट बाजूनं विचार केला. ह्या कार्डात दोघांचे चारी गेम मावतील. कुणाला कुणाचं काढावं लागणार नाही. आणि आनंद ज्याला खोट म्हणत होता, की हे दुसऱ्या कशात चालत नाही, तीच त्याला आवडली. एवढे पैसे घातलेलं कार्ड सामाईक डब्याच्या पाठीत खोचलेलं असेल तर डब्यातून अंग काढून घेणं मुश्कील होईल. निदान आपलं तरी.

"कार्ड द्या," तो म्हणाला.

आनंदनं त्याच्याकडं असं बघितलं, की याला ऊन लागलंय की काय. पाकीट फोडलं की परत घेणार नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं. ऋषिराजनं पाकीट तिथंच फोडलं.

घरी उत्कर्षानं किंमत ऐकली आणि कपाळाला हात लावला. तिनं दोन दिवस नवऱ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. ऋषिराजनं तेही सोसलं. तो आठवडाभर त्या डब्यावर एक सामना खेळला नाही. ऑफिसला जाताना क्रिकेट उतरायला लावून जायचा, आल्यावर बघायचा. मग ट्रॅक्टरचा गेम लावला. तो पूर्ण उतरला तेव्हा त्यानं चालू करून बघितलं. रविराजनं उभं केलेलं रान जसंच्या तसं होतं. आखीव सऱ्या, कडेला झाडांची रांग, गोठ्यासमोर उभा केलेला लाल ट्रॅक्टर. पडद्यावरसुद्धा या माणसानं बांध सोडून पेरलं होतं. ऋषिराजनं कशालाही हात न लावता गेम बंद केला. डोळे पुसले. उत्कर्षानं ते पाहिलं, आणि संध्याकाळी आपणहून बोलायला लागली.

रविवारी तो जंक्शनला गेला. आज कोण येणार, दादा की टँकर? चहावाल्यानं दोन कप करू का विचारलं, तर याला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना.

रविराजची गाडी बारामतीकडून आली. ती लांबून ओळखून ऋषिराज उठून उभा राहिला. रविराजनं गाडी स्टँडवर लावली, आला, समोर बसला. ऋषिराजनं पिशवी टेबलावर ठेवली. रविराजनं ती घेतली नाही. उलट हातानं त्याच्याकडं सारली.

"ही ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," तो म्हणाला. "कायमची. मी दुसरा घेतलाय. कारखान्यातल्या एका सायबाचं पोरगं परदेशी निघालं, त्याचा. दुसऱ्या कंपनीचा हाय. आता कुणी कुणाचं कोरायला नको."

जे दुकानात उभं राहून ऋषिराजनं टाळलं होतं, ते भावानं आधीच करून टाकलं होतं. आणि तेही याच्याच एका वाक्यामुळं. शिवाय दुसऱ्या कंपनीचा! म्हणजे ते कार्ड त्याला नुसतं द्यायचं म्हटलं तरी देण्याचा उपयोग नव्हता. सोळा हजारांची वस्तू टेबलावर पिशवीत पडून होती आणि ज्याच्यासाठी आणली त्याच्या काडीच्या कामाची नव्हती.

त्यानं तरी टॉवेल सोडला. डबा उलटा करून पाठीमागची खाच दाखवली. हे कार्ड, जागा तिप्पट, तुझं क्रिकेट, तुझा ट्रॅक्टर, सगळं आत आहे, असं काहीबाही सांगत गेला. रविराज ऐकत होता. त्यानं बोटानं कार्डाची कड चाचपली.

"कितीला पडलं?"

ऋषिराजनं आकडा सांगितला.

"येडा का खुळा तू? एवढ्यात जुना डबा आला असता अख्खा."

"ठाऊक हाय. तोच घ्यायला गेलो हुतो."

"मग?"

ऋषिराजनं मान खाली घातली. आठवडाभर मनात घोळवलेली माफीची वाक्यं ऐनवेळी कुठल्या कुठं पळाली. "दुसरा घेतला असता तर तू हितं आला नसतास," तो म्हणाला. "मला गेमचं काय न्हाय रं दादा. ज्या दिवशी तो टँकरवाला आला ना, त्या दिवशी माझं मला कळलं. बांधाचं बोललो ते चुकलो. लई चुकलो."

चहा आला. दोघांनीही कपाला हात लावला नाही. बारामतीकडं जाणारी एसटी चौकात थांबली, माणसं उतरली, चढली, एसटी गेली. रविराज थोरला, त्यात मानी. रडू आलं तरी डोळ्यात धूळ गेली म्हणणाऱ्यातला.

"डबा नको हे फोनवर सांगता आलं असतं मला," तो म्हणाला. "टँकरवाल्याकडं चिठ्ठी दिली असती तरी भागलं असतं. आलो का न्हाय एवढा लांब?"

ऋषिराजला हे सुचलंच नव्हतं. त्यानं वर बघितलं. समोरचा माणूस नवा डबा घरात ठेवून, पाळीशी काही संबंध उरला नसताना, रविवारच्या ठरल्या वेळी जंक्शनला येऊन बसला होता. मग ऋषिराज उठला. जे काम वास्तुशांतीच्या वेळी व्हायला हवं होतं ते त्यानं हॉटेलातल्या बाकड्याशी उभं राहून केलं. वाकून भावाच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "दादा, घरी चल. मी बोलवाय आलोय असं समज."

चहावाला बघत होता, बाकड्यावरची दोन माणसंही बघत होती. रविराजनं त्याला खांद्याला धरून उठवलं आणि लोक बघत्यात म्हणून बारीक आवाजात दटावलं. मग गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला, खताची पिशवी स्वतः उचलली आणि आपल्या गाडीच्या हँडलला नीट गाठ मारून अडकवली.

"उत्कर्षाला फोन कर, भाकरी जादा टाकाय सांग," तो म्हणाला. "आन् तुझं घर कुठंशी आलं ते तरी सांगून ठेव. वाटंत चुकामूक झाली तर कुणाला इचारू मी?"

ऋषिराजनं पत्ता सांगितला. एकदा सांगून त्याचं समाधान होईना, म्हणून त्यानं तो पुन्हा सांगितला.